दुसऱ्याच्या पॉइंटांवर समुद्र

आता तुम्हाला वाटणार, विदर्भातल्या तालुक्याच्या गावाहून पुण्यात आलेला पोरगा लिहायला बसला म्हणजे मेसची पातळ डाळ येणार, कॉट बेसिसची खोली येणार, आईच्या हातची भाकर येणार आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी. तसलं काही नाही. आमची मेस चांगली आहे आणि आईच्या भाकरी जाड होतात, हे तिलाही मान्य आहे. मग तुम्ही म्हणाल, कळलं, हॉलिडे क्लबचे सेकंडहँड पॉइंट घ्यायला गेला आणि कोणीतरी ह्याला गंडवलं. तेही नाही. गंडवागंडवी झाली, पण ती मी केली. आणि ज्याला गंडवलं, तो माणूस तीस वर्षं गंडवणारे पकडायचाच पगार घेत होता. माझा बाप.

बाबा सरकारी लाल गाड्यांवर तिकीट तपासनीस होते. म्हणजे कंडक्टर ज्याला घाबरतो तो माणूस. कुठल्यातरी फाट्यावर हात करून गाडी थांबवायची, आत चढायचं आणि मागच्या सीटपासून सुरुवात करायची. घरी जेवताना आम्हाला त्या दिवसाच्या बातम्या मिळायच्या. कोण झोपेचं सोंग घेत होतं, कोणी पोराचं वय कमी केलं, कोण दुसऱ्याच्या पासवर बसलं होतं. बाबा सांगायचे आणि मी ताटावरच त्या सगळ्यांचे आवाज काढायचो. शाळेच्या गॅदरिंगला माझा ठरलेला आयटम होता. पासवाला म्हणायचा, "साहेब, भावाचा पास हाय." मग मी छाती पुढे काढून बाबांच्या आवाजात, "भाऊ कुठी हाय?" "घरी." "मंग पासही घरी ठेव, अन् तू उतर खाली." हेडमास्तर दरवर्षी हसायचे. बाबा पहिल्या रांगेत बसून हसायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. बरोबर, असंच म्हणतो मी.

तर ह्या बाबांनी आईला कबूल केलं होतं की रिटायर झालो की समुद्र दाखवतो. आईने समुद्र फक्त टीव्हीत बघितला होता. बघायची आणि चिडायची, "एवढं पानी, अन् आपल्याकडे आठवड्यातून एकदा नळ." बाबा रिटायर होऊन दोन वर्षं झाली. दर वर्षी पुढच्या वर्षी. मग गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं. आई म्हणाली, आधी समुद्र, मग गुडघे. ऑपरेशनात गुडघे बिघडले तर वाळूत कोन चालन? जानेवारीत ऑपरेशन ठरलं. म्हणजे समुद्राला उरला एक डिसेंबर.

मी धायरीत राहतो, तिघांत एक फ्लॅट. बाणेरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, लिहायच्या, पुढे पाठवायच्या. बाबांचाच धंदा, फक्त एसीत. मी म्हटलं, आईला समुद्र मी दाखवणार, आणि साधासुधा नाही, बीचवरच्या रिसॉर्टातून. खिडकी उघडली की समोर. डिसेंबरातले भाव बघितले आणि खिडकी बंद केली. तेव्हा ऑफिसातला एक शहाणा म्हणाला, "ब्रो, हॉलिडे क्लबचे पॉइंट घे ना. रिसेलमध्ये. लोक अक्षरशः फेकतायत."

पॉइंट म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण ज्यांनी घेतलेत त्यांनाही नीट माहीत नसतं. तुम्ही क्लबला एकदा भरपूर पैसे देता. त्याबद्दल तुम्हाला खोली मिळत नाही, पॉइंट मिळतात. पॉइंट दाखवून खोली मागायची. खोली रिकामी नसते. रिकामी असते तेव्हा पाऊस असतो, किंवा परीक्षा. वर दर वर्षी देखभालीची फी भरायची, तुम्ही गेलात काय, न गेलात काय. कोणाची देखभाल, ते विचारायचं नाही. मार्चअखेर पॉइंट मरतात, एप्रिलमध्ये नवे जन्मतात, आणि ते वापरावे लागतील ह्या भीतीने माणूस पंचवीस वर्षं जगतो. म्हणून विकणारे सतराशे साठ आणि घेणारा मी.

जुन्या वस्तू विकायच्या अ‍ॅपवर एक जाहिरात सापडली, कपाट आणि ट्रेडमिलच्या मध्ये. "हॉलिडे क्लब सभासदत्व, पॉइंटांसह. एकदाही न वापरलेले. भाव खाली दिला आहे, तो वाचता येतो. दिलेली रक्कम परत मिळणार नाही." मी फोन केला.

"जाहिरात पूर्ण वाचलीत?" पलीकडून.

"हो काका. भाव थोडा..."

"म्हणजे नाही वाचलीत."

फोन बंद. मी परत लावला. मला तो आवाज भयंकर आवडला होता. नाकातून निघतो, शेवटचा शब्द खाली आपटतो आणि पुढच्याला चूक तुझीच आहे असं वाटायला लावतो. अर्ध्या तासात मला तो येत होता.

रविवारी मी बाइक काढली आणि धायरीहून विश्रांतवाडीला गेलो. पुण्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढ्यात आमच्याकडे जिल्हा बदलतो. काका सरकारी खात्यातून निवृत्त, रो हाऊस, दारात चपलांसाठी रेघ मारलेली. बसायच्या आधी नाव विचारलं. मी नाव सांगितलं.

"पुढे?"

आडनाव सांगितलं.

"अच्छा," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "अच्छा अच्छा."

हे दोन जास्तीचे अच्छा कोणाच्या वाट्याला येतात, ते ज्यांच्या येतात त्यांना माहीत आहे. काकूंनी चहा आणला. मी माझा कप बघितला, मग काकांचा बघितला. सारखेच होते. ही बघायची सवय मला कोणी शिकवलेली नाही, घरातूनच येते. काकू मात्र फार गोड. त्यांनीच सगळी हकिगत सांगितली. अकरा वर्षांपूर्वी मॉलमध्ये कुपन भरलं, चार दिवसांनी फोन आला, अभिनंदन, नवराबायको दोघांनी हॉटेलात यायचंच. तीन तास एक टायवाला मुलगा बोलत होता. काकांनी सही केली.

"मी सही केली कारण ढोकळा संपला होता," काका म्हणाले.

"कढई दिली होती फुकट," काकू म्हणाल्या. "तिचा कान महिन्याभरात निघाला. क्लब काही निघेना."

अकरा वर्षांत एकदाही खोली मिळाली नाही. का, ते मला पाच मिनिटांत दिसलं. काकांनी हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर. आधी सनई वाजली, मग एक मुलगी आली.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"अकरा वर्षं काय केलीत?"

"सॉरी सर?"

"ते नका म्हणू. ते दर वर्षी म्हणता."

"सर, आपण एक मिनिट होल्डवर राहाल का?"

"अकरा वर्षं होल्डवरच आहे."

फोन कट. हे चार वेळा झालं. पाचव्या वेळी काकांनी जीभ आवरली आणि सभासदत्व नावावर करून द्यायचं विचारलं. त्या मुलीने सांगितलं ते असं. अर्ज, दोघांच्या सह्या, क्लबची परवानगी, ट्रान्स्फर फी. आणि नव्या सभासदाला पहिलं वर्षभर सीझनमध्ये बीचवरचं रिसॉर्ट मिळणार नाही.

"म्हणजे मी विकू शकतो, तुम्ही घेऊ शकता," काका मला म्हणाले, "फक्त वापरता येत नाही. सुटसुटीत आहे."

माझा डिसेंबर गेला. जानेवारीत गुडघे. मी तिथेच बसून राहिलो आणि मग माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, नाकातून आवाज निघाला, "अकरा वर्षं होल्डवरच आहे."

आतून काकू ओरडल्या, "अहो कळलं! किती वेळा तेच?"

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. मग माझ्याकडे. माणूस पहिल्यांदा स्वतःला बाहेरून ऐकतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, ते मी अनेकदा बघितलंय. ऑफिसात आमच्या मॅनेजरचाही झाला होता, त्या वर्षी माझं प्रमोशन हुकलं. काकांचा वेगळा झाला. त्यांनी मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"बघा तुम्हाला देतात का."

मी काका झालो. आवाज तोच, फक्त आत थोडी साखर घातली. "नमस्कार बाळा. कसा आहे तुझा रविवार? सुट्टी नाही वाटतं तुम्हाला?" ती मुलगी विरघळली. तिला बहुतेक महिन्याभरात कोणी बाळा म्हटलं नव्हतं. समुद्रासमोरची खोली, दोन रात्री, डिसेंबरचा तिसरा आठवडा, आहे सर, बघते सर, मिळाली सर. काकू हातात झारा घेऊन बाहेर आल्या, "अहो, आज इतकं गोड कोणाशी बोल..." आणि काका गप्प बसलेले बघून तिथेच थांबल्या.

"सर, आपण स्वतः येणार की पाहुणे? सीझनमध्ये पाहुणे अलाउड नाहीत. फक्त जवळचं कुटुंब."

इथे खरं म्हणजे थांबायला हवं होतं. पण मला स्टेजवर थांबता येत नाही, कधीच आलेलं नाही.

"माझा धाकटा भाऊ आणि भावजय," मी म्हणालो.

तिने नावं विचारली. मी बाबांचं आणि आईचं नाव सांगितलं. तिने टाइप केलं आणि वाचून दाखवलं. मागे आडनाव काकांचं होतं. मी लावलं नाही, तिच्या कॉम्प्युटरने लावलं. मी फक्त नाही म्हणालो नाही.

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "मला भाऊ नाही."

"असता तर बोलत नसता," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी मोबाइलवरून पैसे पाठवले, माझ्या सेकंडहँड बाइकपेक्षा कमीच होते. काकांनी शाईच्या पेनाने पावती लिहिली. ट्रान्स्फरचे अर्ज एप्रिलमध्ये. शेवटी परत तेच, रक्कम परत मिळणार नाही. जाताना येरवड्याच्या तुरुंगाची भिंत माझ्या लक्षातही आली नव्हती. येताना बरीच लांब वाटली.

बाबांना सांगितलं, कंपनीचं बक्षीस आहे.

"तुले कायचं बक्षीस?" बाबा फोनवर.

"सगळ्यात जास्त चुका पकडल्या."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "बरोबर हाय." आमच्या घरात ह्याला कौतुक म्हणतात. मग मागे आईला सांगितलेलं ऐकू आलं, "पोरगा माह्यावर गेला." इथेही सांगून टाकता आलं असतं. नाही सांगितलं.

दोघं पुण्याला आली. एक दिवस धायरीत राहिली. आईने आमचा गॅस घासला, बाबांनी सोसायटीच्या वॉचमनचं रजिस्टर बघून त्यात दोन चुका काढल्या. सकाळी मी त्यांना स्वारगेटला कोकणच्या गाडीत बसवलं. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मला सुट्टी नव्हती. खरं म्हणजे मला तिथे असायचंही नव्हतं.

"बाबा, रिसेप्शनवर फक्त हा बुकिंग नंबरचा मेसेज दाखवायचा. जास्त विचारत बसू नका."

"मी कायले विचारू?" बाबा म्हणाले. "ज्याले शंका असते, तो विचारते."

पुढचं मी बघितलं नाही. आईने सांगितलं ते मी आवाज भरून सांगतो.

दुपारी दोनला दोघं पोहोचली. दारातच शिंपल्यांच्या माळा घातल्या, हातात कोकम सरबत दिलं. आईने एका दमात पिऊन टाकलं. काउंटरवरचा पोरगा हात जोडून म्हणाला, "वेलकम, वेलकम!" आणि पुढे काकांचं आडनाव, त्याला "साहेब" जोडून.

बाबांनी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"कोन?"

"आपणच ना सर? आमच्या सभासदांचे धाकटे बंधू?"

बाबांनी सरबताचा ग्लास न पिता काउंटरवर ठेवला. "वही दाखवा."

पोराने स्क्रीन वळवला. बाबांनी चष्मा लावला आणि वरपासून वाचायला लागले, फक्त आपली ओळ नाही, सगळं पान. आई म्हणाली, मला तेव्हाच समजलं, हे आता ड्युटीवर गेले. बाबांनी पाकिटातून आधार कार्ड काढलं, काउंटरवर सरळ केलं. "हे माझं नाव. तुमच्या वहीतलं माझं नाही."

पोरगा हळूच म्हणाला, "सर, चालतं. इथे सगळे असेच येतात. आत्ता स्विमिंग पूलमध्ये जेवढे आहेत ना, सगळे कुणाचे तरी भाऊ आहेत."

"तुमच्या पाण्यात चालत असन," बाबा म्हणाले. "माह्या गाडीत नाही चालत."

मॅनेजर आला. त्याने मिटवायचा प्रयत्न केला, कारण लॉबीतले बाकीचे भाऊ ऐकायला लागले होते. काही जण पूलमधून टॉवेल गुंडाळून बाहेर आले. बाबा म्हणाले, ज्याच्या नावावर खोली आहे त्याला फोन लावा. मॅनेजरने लावला. सर, आपले बंधू आलेत, पण ते म्हणतात की ते आपले बंधू नाहीत.

आणि काकांनी जन्मभरच्या सवयीने खरं उत्तर दिलं. "मला भाऊ नाही."

झालं. आईचा समुद्र काचेच्या दारापलीकडे होता, तिला दिसत होता, आणि बाबा बॅग उचलून दुसऱ्या दारातून निघाले. जाताना सरबताचे पैसे देऊन गेले. दोन्हींचे. मॅनेजर नको नको म्हणत होता, बाबांनी पावती मागितली.

मला पहिला फोन काकांचा आला. मी ऑफिसात होतो.

"अहो, तुमचे वडील फारच सरळ निघाले. अकरा वर्षं क्लबने मला खोली दिली नाही, ह्यांनी मिळालेली परत केली."

"सॉरी काका. खरंच सॉरी. तुम्हाला काही..."

"सभासदत्व रद्द केलं त्यांनी. खोटी माहिती दिल्याबद्दल. वार्षिक फी आजपासून बंद." आवाजात काहीतरी होतं, मला आधी ओळखू आलं नाही. काका खूश होते. "ज्यासाठी मी अकरा वर्षं पत्रं लिहितोय ते तुमच्या वडलांनी दहा मिनिटांत केलं. त्यांना नमस्कार सांगा. आडनावासकट सांगा."

"काका, मग माझे पैसे..."

"जाहिरात पूर्ण वाचली होतीत ना?"

चारपासून मी बाबांना फोन लावत होतो. बाबा उचलत नव्हते. सहाला त्यांचा आला. मागे मोठा खळखळाट ऐकू येत होता, मला वाटलं नेटवर्क खराब आहे. मी घाबरलो की मस्करी करतो, ही माझी जुनी खोड. मी काकांच्या आवाजात म्हणालो, "नमस्कार. धाकटे बंधू का?"

बाबा म्हणाले, "मले माह्या पोराशी बोलाचं हाय. असन तर द्या."

"बाबा, मीच."

"तू काहून झाला रे एवढा लहान? आं? समुद्र दाखवाचा होता तुह्या मायले, तर मले सांगाचं, मी दाखवतो. इथं स्टँडवर एक रिटायर ड्रायव्हर भेटला, त्याच्या घरी खोली केली. मागच्या अंगणातून उतरलं का पानी. चादर धुतलेली हाय, त्याची बायको मासे तळून राह्यली. अन् वहीत माझं नाव लिहिलं त्यानं. माझं. विचारून, काना-मात्रा बरोबर लिहिलं."

"बाबा, आईसाठीच..."

"आईचं नाव नोको घेऊ. ते तिकडं गुडघाभर पान्यात उभी हाय, बाहेर निघून नाही राह्यली, तिचं मी पाहून घेतो. तू ऐक. हे नाव तुह्या आज्यानं शाळेत लावलं, तवा मास्तर दोनदा विचारे, खरंच हेच लिहू का. त्याच नावानं मी तीस वर्सं बिल्ला लावला. त्याच नावानं तुले पुण्यात पाठवलं. अन् तू दोन रात्रीच्या गादीसाठी ते काढून दुसऱ्याचं लावलं? ते काय जास्त वजनाचं हाय काय?"

"कॉम्प्युटरने लावलं बाबा."

"हे पा. कॉम्प्युटरनं. मले हेच सांगत होते सगळे, कंडक्टरनं देलंच नाही साहेब. तीस वर्सं ऐकलं मी हे. काय म्हनत होतो मी त्या पासवाल्याले? म्हन."

मी बाबांचा आवाज लावायला घेतला.

"माह्या आवाजात नोको. तुह्या म्हन."

ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभा राहून मी म्हटलं. भाऊ घरी, तर पासही घरी ठेव, अन् तू उतर खाली. गॅदरिंगला जो हशा यायचा तो कुठेच आला नाही. कॉफी मशीनपाशी एक जण थांबून बघत होता.

"हां," बाबा म्हणाले. "अन् बक्षीस म्हने. चुका पकडल्या म्हने. मी डेपोत चार जनाले सांगून आलो, पोराले बक्षीस भेटलं. आता त्या चौघाले तूच फोन करशीन, एकेकाले, अन् सांगशीन. तुह्याच आवाजात. अन् वहीत पत्ता वाचला मी, त्या विश्रांतवाडीच्या मानसाकडे जाऊन माफी माग. त्याले भाऊ नव्हता, बरा होता बिचारा. तू फुकटचा एक देला, अन् चार दिवसांत काढूनही घेतला. असं कोनी करते काय कोनासोबत, गधड्या?"